एका पेयाची बखर

मद्याचा विषय निघतांच नाक मुरडणाऱ्या वाचकांस आमची विनंति एवढीच कीं, त्यांच्यापुढें पेला करण्याचा आमचा हेतु नाहीं. अमेरिकेंतील 'ओल्ड फॅशन्ड' ह्या व्हिस्कीच्या कॉकटेलाची जन्मकथा पुराव्याच्या कसास कितपत उतरते, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

बखर अशी : केंटकी प्रांतांतील लुईव्हिल शहरीं, पेन्डेनिस क्लबांत, कर्नल जेम्स पेपर ह्या व्हिस्कीच्या कारखानदाराच्या सन्मानार्थ हें पेय प्रथम सिद्ध झालें व त्यानेंच तें न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ हॉटेलांत नेलें. बखरीला एखादा सरदार लागतोच, तसा हा कर्नल! परंतु क्लब स्थापन झाला १८८१ सालीं. आणि 'शिकागो ट्रिब्यून' पत्रांत 'ओल्ड फॅशन्ड कॉकटेल्स' हे शब्द १८८० सालींच छापलेले आढळतात. मातेच्या आधीं अपत्य जन्मलें, असें मानण्यास आम्ही तयार नाहीं.

आमच्या मतें खरी हकीकत नांवांतच आहे. न्यूयॉर्क प्रांतांतील हडसन गांवच्या एका पत्रानें १३ मे १८०६ रोजीं कॉकटेलाची व्याख्या दिली ती अशी कीं, कोणतेंही मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स यांचें मिश्रण. बिटर्स म्हणजे साली, मुळ्या इत्यादि मद्यांत मुरवून काढलेला कडू अर्क. पुढें मद्यगृहवाल्यांचे हात शिवशिवूं लागले. मारास्किनो, ॲबसिंथ असलीं मद्यें त्यांत ओतून त्यांनीं त्यास 'सुधारलेलें' कॉकटेल म्हटलें. तेव्हां जुनीं खोडें 'आम्हांस जुन्या चालीचेंच द्या' असें हटून मागूं लागलीं, आणि त्या तक्रारीचेंच नांव पडलें. सुधारकांविरुद्ध जुन्या मंडळींनीं केलेलें इतकें यशस्वी बंड आमच्या पाहण्यांत दुसरें नाहीं.

जॉर्ज कॅपलर ह्यानें १८९५ च्या आपल्या पुस्तकांत कृति दिली आहे. साखरेचा लहान खडा थोड्या पाण्यांत विरघळवावा. अंगोस्तुरा बिटर्सचे दोन शिंतोडे, बर्फाचा लहान तुकडा, लिंबाच्या सालीचा तुकडा व एक माप व्हिस्की घालून ढवळावें, आणि चमचा पेल्यांतच राहूं द्यावा. पाणी आधीं कां, तर मद्यार्कांत साखर सहजासहजीं विरघळत नाहीं. बर्फ आणि लिंबाची साल वगळली, तर बाकीचे चारही जिन्नस १८०६ च्या व्याख्येंतलेच आहेत.