वजन तेवढंच, मग माणूस कुठे गेला?

आजचा भाग जरा घरचा आहे, म्हणजे माझ्या आत्याचा. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. दर वेळी काट्यावर उभं राहायचं, ५४ किलोपर्यंत पाणी काढायचं आणि घरी यायचं. चार महिने तोच आकडा, त्यामुळे आम्ही सगळे खूश! मग एका रात्री तिला झोपल्यावर श्वास घेता येईना. छातीत पाणी झालं होतं. वजन तर वाढलंच नव्हतं, मग हे पाणी आलं कुठून?

उत्तरासाठी थोडं मागे जाऊ. १९४३ साली नेदरलँड्समधल्या काम्पेन गावात, जर्मन ताब्यातल्या देशात, विलेम कॉल्फ या डॉक्टरने सॉसेजचं सेलोफेन आवरण एका फिरत्या पिंपाला गुंडाळून रक्त गाळायचं यंत्र बनवलं. सुरुवातीचे रुग्ण दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई वाचली. पण हे यंत्र काही दिवसांच्या संकटापुरतं होतं, कारण प्रत्येक वेळी नवीन रक्तवाहिनी उघडावी लागायची. १९६० मध्ये सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नरने टेफ्लॉनची नळी हातातच कायम ठेवायची युक्ती काढली, आणि क्लाइड शील्ड्स नावाचा रुग्ण त्यानंतर अकरा वर्षं जगला.

इथेच गोष्ट बदलते. माणूस वर्षानुवर्षं डायलिसिसवर जगणार असेल, तर तो खाणार काय?

त्या काळात किडनी म्हटलं की प्रोटीन कमी, असंच चालायचं. इटलीत जिओर्दानो आणि जिओव्हानेत्ती यांनी १९६३-६४ मध्ये अगदी कमी प्रोटीनचा आहार मांडला. डायलिसिस नसलेल्यांसाठी त्यात तथ्य होतं. पण यंत्रावरच्या माणसाचं उलट असतं. रक्त गाळताना युरियाबरोबर अमिनो आम्लंही वाहून जातात, दर वेळी काही ग्रॅम. त्यात भूक मेलेली. आणि गंमत अशी, की जेवण कमी झालं तर युरियाचा रिपोर्ट चांगला दिसतो! आमच्या घरी तो बघून पेढे आणायचे बाकी होते.

१९९० मध्ये अमेरिकेत लॉरी आणि ल्यू यांनी बारा हजारांवर रुग्णांच्या नोंदी चाळल्या. मृत्यूचा धोका सगळ्यात ठळक कुठे दिसला? रक्तातलं अल्ब्युमिन कमी असलेल्यांत. तेव्हापासून अल्ब्युमिन हा परवलीचा शब्द झाला. माझ्या मते जरा जास्तच, कारण शरीरात सूज किंवा इन्फेक्शन असलं तरी ते घसरतं. एकट्या आकड्यावर विसंबून चालत नाही.

म्हणून मला डेट्स्की आणि सहकाऱ्यांची १९८७ ची पद्धत आवडते. मुळात ती ऑपरेशनच्या रुग्णांसाठी होती. वजन किती उतरलं, भूक कशी आहे, उलट्या होतात का, जिना चढवतो का, हे विचारायचं. मग कानशिलं, खांदे, हाताच्या अंगठ्याजवळचा मांसल भाग बघायचा, दाबायचा. यंत्र लागत नाही, वेळ लागतो. २००१ मध्ये कलंतर-झादेह यांनी यावर रक्ततपासण्या जोडून शून्य ते तीस गुणांचा तक्ता केला.

दुसरी वाट विजेची. शरीरातून अगदी सौम्य, न जाणवणारा प्रवाह सोडतात. पाण्यातून तो सहज जातो, चरबीत अडतो, त्यावरून पाणी आणि मांस किती याचा अंदाज बांधतात. पण हे डायलिसिसनंतर मोजलेलं बरं, नाहीतर साठलेलं पाणीच मांस म्हणून मोजलं जाऊ शकतं.

आत्याचं नेमकं हेच झालं होतं. तीन-साडेतीन किलो मांस आणि चरबी गेली, तेवढीच जागा पाण्याने भरली, आणि काटा ५४ वरच राहिला. नव्या डायटीशियन ताईंनी आधी तिचा उजवा हात धरला. डाव्या हातात फिस्टुला आहे, म्हणून बांगड्या उजव्यातच. पाटली सरळ कोपरापर्यंत सरकली. त्या म्हणाल्या, "हे कधीपासून असं?" आत्या म्हणाली, "दिवाळीपासून." कुणी विचारलंच नव्हतं ना!

आता काढायचं वजन हळूहळू साडेपन्नासवर आणलंय. ती रात्री आडवी होऊन झोपते. अंडं खायला मात्र अजून तयार नाही, पनीरवर तडजोड झालीये, तेही मोजून, फॉस्फरस बघून. पाटली सध्या कपाटात आहे.