वहिनी कुठेच जात नव्हती

भुसावळात वाढलेल्या माणसाला प्रवास म्हणजे गाडी, असंच वाटतं. मलाही वाटायचं. 1973 च्या दिवाळीत मी डोंबिवलीला दादाकडे गेलो. तिथे सगळं घर त्याच्या लोकलच्या वेळेवर चालायचं.

एके दिवशी पाहणी करणारा एक मुलगा दारात आला. "घरातून रोज बाहेर कोण कोण जातं?" दादा म्हणाला, "मी एकटा. ही कुठेच जात नाही." वहिनीनेही मान डोलावली. ती नुकतीच दळण आणि रॉकेल घेऊन आली होती. त्याआधी मुलाला शाळेत सोडून, भाजी घेऊन झालं होतं. सगळं पायीच.

मुंबईच्या प्रवासाचा इतिहास आपण वाहनांवरून सांगतो. 1853 ला बोरीबंदर ते ठाणे आगगाडी, 1874 ला घोड्यांची ट्राम, 1907 ला विजेची ट्राम, 1925 ला विजेची लोकल, 1926 ला बस. 31 मार्च 1964 ला ट्राम बंद झाली. गिरणगावातला कामगार चाळीतून गिरणीत चालत जाई. लोकलमुळे घर दूर नेता आलं; दादा म्हणूनच डोंबिवलीत राहू शकला. दादाचं अंतर वाढलं, पासही आला. वहिनीचं अंतर मात्र पायीच राहिलं आणि त्याला तिकीट नव्हतं.

1992 साली चर्चगेट-बोरिवली महिला विशेष लोकल सुरू झाली. नोकरीवाली बाई रेल्वेला दिसली. 2011 च्या जनगणनेत प्रवासाचं अंतर आणि साधन विचारलं, पण ते कामावर जाणाऱ्यांना. गृहिणी त्यात नाही. त्याआधी 2008 मध्ये एमएमआरडीएचा वाहतूक अभ्यास पूर्ण झाला. त्यात घरोघरी विचारून पायी फेऱ्याही मोजल्या, तर एकूण फेऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक पायीच निघाल्या! म्हणजे लोकलच्या या शहरात सर्वात मोठं वाहन पायच होतं.

शेवटच्या वर्षांत वहिनीचे गुडघे गेले. मी सोबत होतो. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, चालणं किती व्हायचं?"

वहिनी म्हणाली, "कुठलं हो! मी तर घरीच असायचे."

मी गप्प बसलो. तेव्हाच बोलायला हवं होतं. असो. तुमच्या घरातल्या अशा फेऱ्या एकदा मोजून पाहा.