'केकऐवजी करंजी': या वाक्यात चूक कुठे आहे?



संशोधनाचा प्रश्न चुकतो तो बहुतेक वेळा एखाद्या साध्या शब्दात. आज माझीच चूक दाखवतो, कारण ती सापडायला मला वर्ष लागलं.

दोन वर्षांपूर्वी माझी फेलोशिप पाच महिने अडकली होती. डिसेंबरात औंधला घरी आलो तेव्हा खिशात परतीच्या एसटीपुरतेच पैसे होते. आईला म्हटलं, "यंदा केक वगैरे नको, नाताळ साधाच करू." आई रवा भाजत होती. मान वर न करता म्हणाली, "आपला नाताळ साधा कधी नव्हता? तुझ्या आजीनं जन्मात केक केला नाही. करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या केल्या आणि गल्लीत ताटं वाटली. तो काय नाताळ नव्हता?"

मी लगेच वहीत लिहिलं: 'आर्थिक अडचणीमुळे मराठी ख्रिस्ती कुटुंबांनी केकऐवजी करंजी स्वीकारली.' वाक्य छान दिसतं ना? पण त्यातला 'ऐवजी' तपासा. 'ऐवजी' म्हटलं की केक आधी होता आणि तो परवडला नाही, हे गृहीत धरलं जातं. याला पुरावा काय? मी शोधलाच नव्हता.

आधी कंट्रोल तपासा

माझी एमएस्सी रसायनशास्त्रातली. प्रयोगात 'कमी' किंवा 'जास्त' म्हणायचं तर कंट्रोल लागतो, आणि तो स्थिर आहे ना हे आधी बघावं लागतं. मी 'इंग्रजी नाताळ' हा कंट्रोल धरला होता. तो स्थिर होता का?

आपल्या भागाचंच बघू. अमेरिकन मराठी मिशनने साताऱ्यात 1849 मध्ये काम सुरू केलं. हे मिशन न्यू इंग्लंडमधल्या काँग्रिगेशनल चर्चच्या परंपरेतलं. त्याच परंपरेच्या मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरवला होता! कायदा 1681 मध्ये रद्द झाला, पण त्या राज्यात नाताळची कायदेशीर सुट्टी मिळायला 1856 उजाडलं. म्हणजे साताऱ्यात काम सुरू झालं तेव्हा मिशनच्या मायदेशातच या सणाला पुरतं बस्तान मिळालेलं नव्हतं.

मग इंग्लंड? चार्ल्स डिकन्सचं 'अ ख्रिसमस कॅरल' 1843 चं. त्यातल्या क्रॅचिट कुटुंबाचा कर्ता आठवड्याला पंधरा शिलिंग कमावतो. नाताळला त्यांचा हंस भाजला जातो बेकरीवाल्याच्या भट्टीत, आणि पुडिंग शिजतं कपडे धुवायच्या हंड्यात. नाताळची गोष्ट म्हणून जगभर गाजलेली ही गोष्ट, मुळात तंगीतल्या नाताळची आहे. थोडक्यात, ज्याला मी 'मूळ श्रीमंत नाताळ' समजत होतो, तो लंडनच्या सगळ्या घरांतही नव्हता.

चूल काय सांगते?

आता थोडं विज्ञान. केकच्या भट्टीत साधारण 180 अंश सेल्सिअस तापमान लागतं. करंजी तळायच्या तेलालाही जवळपास तेवढंच. फरक असा की कढईतलं तेल चुलीवर सहज तापतं, पण चारी बाजूंनी सारखी कोरडी उष्णता अर्धा-पाऊण तास टिकवायची तर बंद भट्टी हवी. ती घराघरात नव्हती. म्हणून कोणी बेकरीत भाजून आणत, कोणी पातेल्यात वाळू तापवून त्यात केकचं भांडं ठेवत.

शिवाय तळलेल्या फराळात ओलावा कमी, त्यामुळे तो बरेच दिवस टिकतो. आधी थोडा थोडा करून ठेवता येतो, म्हणजे सगळा खर्च एकाच दिवशी अंगावर येत नाही. करंजी ही केकची गरीब नक्कल नाही. ती हाताशी असलेल्या चुलीचं, कढईचं आणि पिढ्यान्पिढ्यांच्या सवयीचं फळ आहे.

काटकसर कुठे केली नाही?

खर्च कुठे कापला हे सगळेच विचारतात. कुठे कापला नाही, हा जास्त चांगला प्रश्न. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' याच नजरेने वाचा. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. काळ पहिल्या महायुद्धाच्या महागाईचा, आणि पुढच्याच वर्षी इन्फ्लुएन्झाची साथ. पण या घराची ओढाताण त्याच्या कितीतरी आधीपासूनची. हाती आलेला पैसा टिळक दुसऱ्याला देऊन टाकायचे, आणि घर चालवायच्या लक्ष्मीबाई. तरी या घराचं दार पाहुण्याला, अनाथाला बंद झालेलं दिसत नाही.

आमच्या घरीही तेच. त्या वर्षी नवे कपडे नाहीत, चांदणी मागच्या वर्षीचीच. पण दिवाळीत ज्या ज्या घरून ताट आलं होतं, त्या प्रत्येक घरी ताट गेलं. आलेलं ताट रिकामं परत करायचं नाही, हा नियम यमाईच्या डोंगराखालच्या या गावात दोन्ही सणांना सारखाच. मी म्हटलं, "आई, चार ताटं कमी करू." ती म्हणाली, "तूप कमी घालते. ताट कमी करणार नाही."

त्या एका वाक्यात माझ्या वहीतलं गृहीतक मोडलं. तंगीमुळे सण बदलला, हे अर्धंच खरं. तंगीत घर काय सोडतं आणि काय धरून ठेवतं, यावरून त्या सणाचा गाभा कळतो.

तुमच्यासाठी

प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा तीन गोष्टी करा. 'ऐवजी', 'फक्त', 'साधा', 'अजूनही' या शब्दांखाली रेघ मारा. प्रत्येकात एक न तपासलेली तुलना असू शकते. ज्याच्याशी तुलना करताय, त्याचाही इतिहास वाचा. आणि घरातल्या माणसांना विचारताना 'काय परवडलं नाही?' यावर थांबू नका, 'काहीही झालं तरी काय केलंच?' हे विचारा.

माझं वाक्य आता असं आहे: 'मराठी ख्रिस्ती कुटुंबांनी नाताळ आपल्या चुलीवर आणि आपल्या शेजारात रुजवला.' यातही एखादा शब्द खटकतोय का? मला 'रुजवला' थोडा खटकतो. तुम्ही तपासा आणि सांगा.