उंदरातील अर्बुद-प्रतिमाने

कर्करोगावरील औषधे माणसाला देण्यापूर्वी तपासण्यासाठी उंदरांत घडवून आणलेले अर्बुद. १९६९ मध्ये डेन्मार्कमध्ये रायगार्ड व पोव्हल्सेन यांनी थायमस ग्रंथी नसलेल्या केशहीन उंदरात माणसाच्या मोठ्या आतड्यातील अर्बुद रुजवले. अशा उंदराची प्रतिकारशक्ती दुबळी असल्याने परकी ऊती टिकते; पण त्याच कारणाने प्रतिकारशक्तीवर चालणारी औषधे त्याच्यावर नीट पारखता येत नाहीत. जनुकबदल केलेल्या उंदरात अर्बुद त्याच्याच अवयवात उपजते, म्हणून ते रोगाच्या अधिक जवळचे. मात्र ते सावकाश व अनियमित वाढते.

अशा प्रयोगांच्या प्रमाणीकरणाची खरी कसोटी बारीकसारीक गोष्टींत लागते. त्वचेखालची गाठ कॅलिपरने मोजून लांबी गुणिले रुंदीचा वर्ग, भागिले दोन असे घनफळ काढतात. रुंदीचा वर्ग होत असल्याने तिथली किरकोळ चूकही फुगते. म्हणून मोजणाऱ्याला कोणत्या उंदराला औषध दिले हे ठाऊक नसावे. पिंजऱ्याचे तापमानही निकाल बदलते: नेहमीच्या सुमारे २२ अंश सेल्सियसपेक्षा ३० अंशांत काही अर्बुदे मंद वाढतात. उंदराचा वाण, लिंग, वय, यादृच्छिक गटवाटणी यांची नोंद मागणारी ‘अराइव्ह’ मार्गदर्शक तत्त्वे ब्रिटनमध्ये २०१० साली निघाली. ती काटेकोर पाळलीच पाहिजेत. ढिसाळ प्रयोगात प्राण्याचे हाल व्यर्थ जातात आणि रुग्णालाही निष्फळ औषध सोसावे लागते.