हेमंतातील अभ्यंग

सरकारी नोकरीतील बदलीचा एक लाभ असा की, घरी असताना जी गोष्ट स्वयंसिद्ध वाटते तिच्याकडे परक्या हवेत उभे राहून पाहता येते. काही वर्षांपूर्वी माझी बदली चेन्नईस झाली आणि कामानिमित्त ओरगडम येथे वरचेवर जाणे होऊ लागले. श्रीपेरुंबुदूरहून सिंगपेरुमाळकोईलकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. आज तेथे मोटारींचे मोठमोठे कारखाने उभे आहेत. पहिल्याच वर्षी दिवाळीत मी तेथे अडकून पडलो. रात्रभर पाऊस कोसळत होता. पहाटे चार वाजता मी उतरलो होतो त्या घरच्या आजीबाईंनी कोमट तिळेलाची वाटी माझ्यापुढे ठेवली आणि स्नान आटोपून येताच, ‘गंगास्नान झाले का?’ असे तमिळमध्ये विचारले. त्या दिवशी भेटेल तो हाच प्रश्न विचारतो, हे मला मागाहून कळले.

मी चकित झालो तो आपल्या एका समजुतीमुळे. दिवाळीचे अभ्यंगस्नान म्हणजे येऊ घातलेल्या थंडीची तयारी, असे आपण मुलांना सांगत आलो आहोत. देशावर ते पटतेही. कार्तिकात वारा फिरतो, आभाळ निरभ्र होते आणि पौषात मुलांचे गाल उलतात, टाचांना भेगा पडतात. पण ओरगडमला थंडी आहे कोठे? चेन्नईला जानेवारीतही रात्रीचे तापमान वीस-एकवीस अंशांच्या खाली सहसा उतरत नाही. ईशान्येचा जो वारा जमिनीवरून येऊन देशावर कोरडा लागतो, तोच बंगालचा उपसागर ओलांडून तेथे पाऊस आणतो. त्या शहराच्या वर्षाच्या पावसापैकी निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत पडतो. अशा ओल्या हवेत कातडी फुटण्याचे भय नाही. तरीही तेल आहेच. आणि ते केवळ दिवाळीला नव्हे. पुरुषांनी शनिवारी व स्त्रियांनी मंगळवारी किंवा शुक्रवारी तैलस्नान करावे, अशी तिकडची जुनी चाल आहे. तेव्हा थंडी हे अभ्यंगाचे एकमेव कारण म्हणता येणार नाही.

मग या आचाराचे मूळ कोठे शोधावे? शब्दांपासून आरंभ करू. आपले ‘तेल’ हे संस्कृत ‘तैल’, म्हणजे तिळाचे ते. तमिळमधील ‘एण्णेय्’ हा शब्दही ‘एळ्’ म्हणजे तीळ आणि ‘नेय्’ म्हणजे स्निग्ध पदार्थ यांपासून झालेला आहे. दोन भिन्न भाषाकुलांनी तेलाचे नाव तिळावरूनच घ्यावे, यावरून या धान्याचा मान किती जुना आहे हे दिसते.

वैद्यकाचे ग्रंथ पाहिले तर तेथे अभ्यंग हा सणाचा नव्हे, नित्याचा विधी आहे. चरकाने त्यासाठी घडा, चामडे आणि गाडीचा आस यांचे दृष्टांत दिले आहेत: तेलाने जसे हे टिकाऊ होतात, तसे शरीर. वाग्भटाने तो रोज करावयास सांगितला असून डोके, कान आणि पाय यांकडे विशेष लक्ष द्यावे असे म्हटले आहे. अजीर्ण झालेल्यास मात्र मना केले आहे. पण खरी मौज त्याच्या ऋतुचर्येच्या अध्यायात आहे. हेमंतासाठी तो क्रम सांगतो तो असा: वातनाशक तेलाने अभ्यंग, डोक्यावर तेल, मर्दन, जाणत्यांबरोबर कुस्ती, मग तुरट द्रव्यांनी तेल काढून टाकणे, स्नान, आणि शेवटी केशराचा लेप व अगुरूचा धूप. कुस्ती तेवढी वगळा. आपली दिवाळीची पहाटच समोर उभी राहते! आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी यांचे उटणे हे त्या तुरट द्रव्यांच्याच जागी आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ रचला. त्यातही राजाच्या उपभोगांत स्नानाला स्वतंत्र स्थान आहे.

म्हणजे झाले ते असे असावे. अभ्यंग हा सर्व ऋतूंचा आचार होता आणि हेमंतात त्याला विशेष महत्त्व होते. तमिळ देशाने त्याचा वार धरून ठेवला. आपण त्याचा सण धरला आणि ऋतू सोडला. ज्या हवेला तेलाची अधिक गरज, तेथेच ते वर्षातून एकदा, तेही करंगळीने कपाळाला लावून उरकले जाते. माझ्या मते हा व्यवहार उलटा आहे.

या उलट्या व्यवहारात साबणाचा वाटा मोठा आहे. म्हैसूरचा चंदनी साबण १९१६ सालचा. तेव्हापासून साबण हळूहळू घरोघर पोचला आणि उटणे दिवाळीपुरते उरले. कातडीच्या सर्वांत वरच्या थरात पेशींच्या मधोमध स्निग्ध द्रव्ये असतात व ती आतले पाणी अडवून धरतात. कढत पाणी आणि साबण ती धुऊन नेतात. उरलेले काम कोरडा वारा करतो. तेल कातडीला ‘पोसते’ हे म्हणणे ढिले आहे. ते पाणी उडून जाऊ देत नाही, एवढेच खरे. म्हणूनच ते अंग किंचित ओले असताना लावलेले बरे. साबणाच्या या युगाने मलमेही दिली. १९२९ साली कलकत्त्यात गौरमोहन दत्त यांनी काढलेले ‘बोरोलीन’ हे त्यांतील सर्वांत दीर्घायुषी म्हणावे लागेल.

परंतु जुने ते सारे सोने, असेही नाही. २००५ साली ढाक्याच्या शिशु रुग्णालयातील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अपुऱ्या दिवसांच्या बालकांना सूर्यफुलाचे तेल हलक्या हाताने लावल्याने रुग्णालयात जडणारे जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी झाले. उलट उत्तरेकडे तान्ह्यांच्या मालिशीला सर्रास वापरल्या जाणाऱ्या मोहरीच्या तेलाने कातडीचे संरक्षक आवरण सुधारण्याऐवजी बिघडते, असे २००२ साली उंदरांवरील प्रयोगात आढळले होते. तेव्हा आजीचा हात बरोबर असला, तरी वाटीतले तेल कोणते हे पाहावे लागते.

कोकणाने मात्र हा प्रश्न आपल्या परीने फार पूर्वीच सोडवला. रातांब्याच्या बियांतून निघणारे कोकमतेल नेहमीच्या हवेत घट्ट राहते. मुठीत वळून त्याचे गोळे करतात, म्हणून त्याला मुठेलही म्हणतात. डायमॉक, वॉर्डन व हूपर यांनी १८९० ते १८९३ या काळात प्रसिद्ध केलेल्या भारतीय वनौषधींच्या ग्रंथात त्याची नोंद आहे. ते अंगाच्या उष्णतेच्या आसपास वितळते. त्यामुळे विस्तवाजवळ ऊन करून भेगांत भरले की तेथेच थिजून बसते. माझी आई दर पौषात रात्री दिव्यावर पळी धरून हा उद्योग करीत असे.

चेन्नईस निघताना तिने असाच एक गोळा माझ्या पेटीत घातला होता. दोन हिवाळे तो कागदात गुंडाळलेला तसाच राहिला; टाचांना एकही भेग पडली नाही. पुढे पुण्यास परत बदली झाली, त्या डिसेंबरातच तो संपला.