इन्स्पायर अवॉर्ड-मानक : मुलांच्या कल्पनेला १० हजारांचं बळ

केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ही योजना. सहावीपासूनच्या विद्यार्थ्याची कल्पना निवडली गेली, की १० हजार रुपये थेट त्याच्या बँक खात्यात येतात. त्यातून मॉडेल बनवायचं, जिल्हा प्रदर्शनात मांडायचं. पुढे राज्य आणि राष्ट्रीय पातळी. कल्पना मात्र स्वतःची हवी, रोजच्या अडचणीवर तोडगा काढणारी. पुस्तकातला ज्वालामुखी इथं चालत नाही.

खरी अडचण वेगळीच. विद्यार्थी स्वतः अर्ज करू शकत नाही. ऑनलाइन नोंदणी शाळेनेच करायची. शाळेने पोर्टल उघडलंच नाही तर हुशार पोराची कल्पना वहीतच राहते. उर्दू माध्यम असो की मराठी, पालकांनी मुख्याध्यापकांना थेट विचारावं : यंदा आपल्या शाळेतून कुणाची नावं पाठवली? मुलाचं बँक खातंही आधीच उघडून ठेवा.