विज्ञान प्रदर्शनात तुमचं स्वागत असो

कॉलर नीट करा. १९८६ चा जानेवारी आहे, तुम्ही नववीत आहात आणि गणवेशाला तांब्यात निखारे घालून इस्त्री केलेली आहे. एसटीत मांडीवर जपून आणलेलं खोकं आता बाकावर ठेवा. हे तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन. इथून निवड झाली तर जिल्हा, मग राज्य.

वर्गात पाय ठेवला की आधी नाकात शिरतो पताका चिकटवलेल्या खळीचा आंबूस वास. पाठोपाठ सडक्या अंड्यांचा: पलीकडे कुणीतरी किपचं उपकरण चालू केलंय. खिडक्या बंद, पत्रे तापलेले, आणि चाळीस पोरं एकदम घोकतायत, "माझ्या उपकरणाचे नाव... साहित्य... कृती..."

यंदा हॅलेचा धूमकेतू ७६ वर्षांनी आलाय, त्यामुळे जिकडेतिकडे कापसाच्या शेपट्या. शेजारच्या मुलीने शेपूट नेमकं सूर्याकडे केलंय. सूर्य म्हणजे शंभराचा बल्ब, कापूस करपायला लागलाय. तिचे सर धावत येऊन धूमकेतू उलटा फिरवतात. खगोलशास्त्र आणि आग, दोन्ही प्रश्न एका झटक्यात मिटले!

आता तुमची घंटा. खिळ्यावर तांब्याची तार, समोर पत्र्याची पट्टी, घरून ढापलेली स्टीलची वाटी, दोन सेल. बटण दाबा. गप्प. घरी तर वाजत होती! घाम पुसा आणि तारेची टोकं बघा. तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातली, तिच्यावर मुलामा असतो आणि त्यातून वीज जात नाही. एक टोक अर्धवटच खरवडलेलं आहे. ब्लेडने घासा. तपकिरी भुगा नखात जातो, खालून लालसर तांबं चमकतं. जोडा.

टर्रर्र! पट्टी जिथे टेकते तिथे निळी ठिणगी उडते.

परीक्षक थांबतात. पाठ केलेलं अर्ध्यात तोडून विचारतात, "पट्टी खिळ्याला चिकटूनच का राहत नाही रे?" हे वहीत नव्हतं. तुम्ही चाचरत सांगता: ती ओढली गेली की जोड सुटतो, वीज बंद, चुंबकत्व गेलं, पट्टी मागे येते, जोड लागतो, पुन्हा ओढली जाते. ते हाताआड कागदावर काहीतरी लिहितात.

तेवढ्यात सगळी गर्दी कोपऱ्याकडे पळते. मातीच्या ज्वालामुखीतले अमोनियम डायक्रोमेटचे नारिंगी खडे पेटलेत. ठिणग्या, फुसफुस आणि हिरवी राख, थेट पाहुण्यांच्या टोपीवर. डायक्रोमेट विषारी, आज कुठल्याही शाळेने हे करू न दिलेलंच बरं. पण पहिला नंबर कुणाचा, हे तुम्हाला कळून चुकलंय.

"दुपारी परत फेरी आहे," सर बजावतात. "उगाच वाजवत बसू नकोस, सेल उतरतील." तुम्ही मान डोलावता. सर पाठमोरे झाले की बटण दाबता.